पाचव्या दिवसापासून मोजलं नाही

मुंबईच्या डॉक्टरांनी मला घरी पाठवलं त्याला सहा आठवडे झाले. पुन्हा या, असं या वेळी ते म्हणाले नाहीत. आजारातून उठून धीराचे शब्द लिहिणाऱ्यांपैकी मी नाही, हे सुरुवातीलाच सांगते. माझं वय त्रेपन्न आहे. गर्भपिशवीचा कॅन्सर होता, तो काढला, आता तो छातीत आहे.

मग हे लिहायचं कशाला? माझ्या पिशवीत दोन दुखणी एकत्र राहत होती. एक साधी गाठ, आणि दुसरा हा. गाठीची मला आठ वर्षं माहिती होती. दुसरा कधी आला ते मला सांगता येत नाही. ज्या घरात एखाद्या बाईला "साधी गाठ आहे, भिऊ नको" असं सांगितलेलं आहे, त्या घरासाठी हे आहे.

०

मी सातवी पास आहे. मोजायची सवय मला मिठबावला माहेरीच लागली. सासरी आले तेव्हा आमच्या वाडीतल्या त्रेचाळीस माडांना मी आकडे दिले आणि कुठल्या माडावरून किती नारळ उतरले ते वहीत लिहू लागले. यजमान थट्टा करायचे, "माडाक नाव तरी ठेव गो, आकडे घालून हाक कशी मारतलंस?"

त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर माझ्या पाळीच्या तारखा असत. आमच्या घरात बाहेरची झालेली बाई चार दिवस मागच्या पडवीत बसते. चूल, देव, पिण्याचं पाणी यांना तिचा हात लागत नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन ती घरात येते. चतुर्थीला किंवा पितरांच्या म्हाळाला अडचण येईल का, हे आधी कळावं म्हणून मी तारखा लिहीत असे. सतरा वर्षांची असल्यापासून एकही महिना चुकला नव्हता.

पंचेचाळीसाव्या वर्षी चाराचे सात दिवस झाले, मग नऊ, मग अकरा. मालवणच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "पिशवीत गाठ आहे. साधी आहे, पुष्कळ बायकांना असते. पाळी जायची वेळ आली की आपोआप सुकेल. मात्र रक्त वाढलं किंवा वेळी-अवेळी आलं तर लगेच इकडे यायचं."

यातली पहिली तीन वाक्यं आम्ही घरी आणली. चौथं बहुधा त्यांच्या ओटीवरच राहिलं.

०

त्या वर्षी चतुर्थी आली तेव्हा माझा नववा दिवस होता. धाकटी जाऊ सुमन बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, मुंबईला गिरणीत. घरात चुलीशी एकट्या सासूबाई, सत्तर वर्षांच्या, गुडघा धरून उठणाऱ्या. त्या पडवीच्या उंबऱ्याशी येऊन लांब उभ्या राहिल्या.

"तुजा ह्या आणि कितके दिस चलतला गो?"

"माका काय म्हायत, आये? गेल्या म्हयन्यात अकरा झाले."

"मोदक कोण करतला? माज्यान वाकाक होणा नाय."

"भटजींका इचारून बघा," मी म्हटलं. "ह्या पाळीचा न्हय, गाठीचा आसा. दाक्तरान सांगलानी."

त्या विचारून आल्या. येताना त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "गाठीचा रगत म्हणजे जखमेचा रगत. बोट कापला तर आपण भायर बसतो काय? चार दिस पाळीचे धरूचे. पाचव्या दिसापासून ता गाठीचा. तेचो इटाळ नाय. ऊठ, न्हा आणि चुलीकडे ये."

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. पडवीत नऊ-नऊ दिवस बसून मी कंटाळले होते. त्या दिवशी मी एकशे एक मोदक केले, आणि तेव्हापासून वहीत फक्त चार दिवस लिहू लागले. पाचवा, सहावा, अकरावा, कुठलाच लिहिला नाही. जे मानायचं नाही ते मोजायचं कशाला?

हा नियम सासूबाईंनी माझ्यावर लादला असं लिहिलं तर ते खोटं होईल. विचारा असं मीच सुचवलं, आणि उत्तरही मला हवं तेच मिळालं.

०

एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी गेली. चौदा महिने काही नाही. गाठ सुकली म्हणून सासूबाईंनी गोड खापरोळ्या केल्या.

नंतर पुन्हा डाग दिसू लागले. आधी थोडे, पाणी मिसळल्यासारखे. पाळी नव्हती, म्हणून पाळीचे चार दिवसही नव्हते. मग सगळंच गाठीचं. गाठीचं लिहायचं नाही, हा नियम ठरलेला. वहीतलं ते पान कोरं राहिलं. बत्तीस वर्षं तारखा लिहिणाऱ्या बाईने नेमकं तेव्हा काही लिहिलं नाही.

मला भीती वाटत नव्हती का? कधी कधी वाटे. वाटली की मी गाठीची आठवण काढी आणि बरं वाटे. गाठ म्हणजे ओळखीचं माणूस. घरात काही खुडबुडलं की आपण म्हणतो, ते असेल.

हे वेगळं आहे, हे सुमनने ओळखलं. धुण्याचं पाणी शेंदताना ती म्हणाली, "वयनी, ह्या गाठीचा न्हय. ह्येका वास मारता."

"तू गप," सासूबाई आतून म्हणाल्या. "एका पोराचा औषध करून दाक्तरीण झाली!"

"दाक्तरीण झालंय असतंय तर तुमका आधी गोळी दिलंय असतंय, आये. जिभेर."

सासूबाईसुद्धा हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सुमनने माझं लुगडं बाहेर काढून ठेवलं आणि यजमानांना सांगितलं, "भावोजी, वयनीक घेवन मालवणाक जावा. आज." यजमानांपुढे ती एरवी तोंड उघडत नसे.

०

डॉक्टरांनी तपासून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हाच. "पाळी गेल्यानंतर हे रक्त कधीपासून आहे?"

वही मी बरोबर आणली होती. मी ती उघडली. पाळी गेल्याची तारीख होती. त्यापुढे काही नव्हतं.

"दीड वर्ष असेल," मी म्हटलं. "किंवा दोन. नक्की नाही."

डॉक्टर हात धूत होते. ते बराच वेळ धूत राहिले. मग यजमानांना बाहेर घेऊन गेले. यजमान परत आले ते सरळ चपला घालायला लागले. उजवीत डावा पाय घातला, काढला, पुन्हा तोच घातला. मी विचारलं, "काय म्हणाले?" तर म्हणाले, "मुंबयक जावचा लागतला. चल."

कॅन्सर या शब्दाचा उच्चार त्यांनी आजवर केलेला नाही. ते "तुजा ता" असं म्हणतात.

०

श्रावण होता. पावसाळ्यात मुंबईची बोट बंद असते, म्हणून एस्टीने फोंडाघाटावरून कोल्हापूर आणि पुढे रेल्वे. बाकावर गोधडीची चौपदरी घडी घालून मी बसले. घाटात दरड आली होती, त्यामुळे फोंड्याला दोन दिवस अडकलो. यजमानांच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे उतरलो. त्यांच्या बाईने दारातच विचारलं, "भायली आसास काय?"

मी म्हटलं, "नाय. आजार आसा."

तिने मला आत घेतलं नाही. माजघराबाहेर चटई टाकून दिली. पण थोड्या वेळाने तिने आपली दोन जुनी मऊ पातळं फाडून, घड्या घालून माझ्याजवळ ठेवली आणि म्हणाली, "परत करू नको. जाळून टाक." मला तिचं नाव माहीत नाही. त्या सबंध प्रवासात मला मिळालेलं सगळ्यात उपयोगी तेवढंच.

०

हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात बत्तीस खाटा होत्या. माझी एकोणिसावी. सकाळी साडेपाचला ताप बघायचे, सहाला चहा, आठला डॉक्टरांची फेरी, चार ते सहा भेटीची वेळ. पहिले दोन दिवस मी खाटा मोजल्या. तिसऱ्या दिवशी एक खाट रिकामी झाली, चौथ्या दिवशी आणखी एक. नंतर मी मोजायचं थांबवलं.

पिशवी आतून खरवडून तुकडा तपासला. डॉक्टर यजमानांशी बोलू लागले तेव्हा मी म्हटलं, "मला सांगा. पोट माझं आहे." वयस्कर गृहस्थ होते, रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं. त्यांचं बोलणं संपल्यावर मला खिडकीतल्या तारेवरचे कावळे दिसले. किती होते ते आठवत नाही.

ऑपरेशनआधी आतला कॅन्सर जाळायला पिशवीत रेडियम ठेवलं. वेगळी खोली, अठ्ठेचाळीस तास उताणं पडून राहायचं, कुशीवर वळायचं नाही. नर्स दारातून वाटी सरकवायची आणि झटकन जायची. कोणी जवळ थांबायचं नाही असा नियम होता. जन्मभर पडवीत बसलेल्या बाईला हे नवं नव्हतं. फरक एवढाच की इथे दाराला तक्ता होता आणि त्यावर माझा प्रत्येक तास लिहिलेला असे. किती रक्त, किती लघवी, किती ताप. ते बघून मला रडू आलं. दोन वर्षं मी एवढंच केलं असतं तर.

एक गोव्याची नर्स मात्र उंबऱ्यात पाव मिनिट जास्त उभी राहायची. "कितें गो माये, दुखता?" असं विचारायची. मी "ना" म्हणायचे. ती म्हणायची, "फट मारता," म्हणजे खोटं बोलतेस, आणि जायची.

भेटीला यजमान आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "आता घराक कंदील नको. तुका मदी बसवला की झाला." मी हसले आणि हसताना दुखलं. ते लगेच घाबरले. पुढचे सगळे दिवस थट्टा करायच्या आधी ते नर्सला विचारून घेत.

०

सहा आठवड्यांनी ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर डॉक्टर खाटेशी आले. माझ्याजवळ एक प्रश्न लिहून ठेवलेला होता. मी कागद पुढे केला: "गाठीचा कॅन्सर झाला काय?"

त्यांनी कागदाच्या मागे पिशवीचं चित्र काढलं. पेरूसारखं. पेरूच्या जाड भागात तीन गोळे काढले. "या तुमच्या गाठी. यांचं काही वाईट झालं नव्हतं. जशा होत्या तशा साध्या." मग आतल्या अस्तरावर पेन्सिल घासली. "हा तो. इथून सुरू झाला आणि भिंतीत खोल गेला. गाठीने त्याला आणला नाही. दोघे एका घरात राहत होते, एवढंच."

"मग गाठ होती ते चांगलं की वाईट?"

ते म्हणाले, "बाई, कितीतरी वेळा गाठ असणं फायद्याचं ठरतं. गाठीने रक्त जातं म्हणून बाई आमच्याकडे येते, आम्ही पिशवी काढतो, आणि आत हा अगदी लहान सापडतो. ती बरी होऊन घरी जाते. गाठीने तिला वेळेवर इथे आणलेलं असतं."

"आणि मला गाठीने घरी ठेवलं."

"गाठीने नाही," ते म्हणाले. पुढे काहीतरी बोलणार होते, पण चित्राखाली उगाच एक रेघ ओढली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी ते वाक्य मनात पुरं करून बघितलं. गाठ तीच. एकीला ती दवाखान्यात नेते, दुसरीला पडवीत बसवते. तिची कोणती आणि माझी कोणती, हे गाठ ठरवत नाही.

०

किरणांचे शेक घेऊन कार्तिकात बोटीने घरी आले. साडेतीन महिने बरे गेले. नारळांच्या आठ पाट्या मी स्वतः मोजून दिल्या. मग फाल्गुनात खोकला सुरू झाला. चैत्रात पुन्हा मुंबई, छातीचा फोटो. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, मला दाखवला नाही. "आता घरीच राहा," म्हणाले. "माणसांत राहा."

माणसांत राहिले. दुपारी सासूबाई माझ्या खोलीत यायच्या आणि माझे पाय दाबत बसायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने सुनेचे पाय दाबायचे नसतात. मी पाय ओढून घेई, त्या पुन्हा धरत. एके दिवशी त्यांनी खाली बघतच विचारलं, "गाठीचा झाला काय गो ता? दाक्तर काय म्हणालो?"

त्या नेमकं काय विचारत होत्या ते मला कळलं. चतुर्थीच्या त्या दिवसापासूनचं सगळं त्या प्रश्नात होतं.

मी म्हटलं, "नाय, आये. गाठ साधीच होती. गाठीचा काय संबंध नाय, दाक्तरान सांगलान."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या रात्री नीट जेवल्या, असं सुमन म्हणाली. मला बरं वाटलं. उरलेल्या दिवसांत कोणाला एवढं तरी देता आलं, असं वाटलं.

०

सुमन एकेचाळीस वर्षांची आहे. मी मुंबईत असताना तिलाही त्रास सुरू झाला होता आणि मालवणच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली होती. हे तिने माझ्यापासून लपवून ठेवलेलं. दहा दिवसांपूर्वी मला कळलं ते असं.

मी आत पडून होते. ओटीवर सासूबाई आणि सुमन आमसुलांसाठी रतांबे फोडत होत्या. सुमन म्हणाली, "आये, माका दोन पाळयांच्या मदीच जाता. मुंबयक दाखवन येव काय? ज्येष्ठात बोट बंद होतली."

"कित्याक? गाठ साधीच असता. वयनीक मोठ्या दाक्तरान सांगलान, गाठीचा काय संबंध नाय म्हणान. पाचव्या दिसापासून धरू नको, झाला."

"दाक्तरान तसा सांगल्यान?"

"तिनाच सांगलान माका. तू जा, इचार तिका."

सुमन विचारायला आली नाही. थोड्या वेळाने रतांबे फोडल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. तिला ते पटलं होतं.

मी भिंत धरून ओटीवर गेले. सहा पावलं आहेत, मधे एकदा बसले.

"सुमन, ह्या बोटीन जा," मी म्हटलं. "पिशवी खरवडून बघूक सांग. गाठ आसा म्हणान सोडूक देव नको."

सासूबाई म्हणाल्या, "तूच म्हणालंस—"

"अर्धा सांगलंय, आये. गाठ साधीच होती. पण आपण सगळा गाठीच्या नावार घातला म्हणान दुसरा दिसला नाय. पाचव्या दिसापासून आपण मोजला नाय. मोजला असता, वेळेर गेलंय असतंय, तर मी आज जगलंय असतंय."

मी असं "जगलंय असतंय" म्हणाले तेव्हा समोर जिवंत बसले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. कोणी दुरुस्त केलं नाही.

सासूबाईंच्या हातात अर्धा रतांबा होता.

"भटजींका मी इचारलंय," त्या म्हणाल्या.

"इचारूक मी सांगलंय. दोघींनी केला ता."

"मगे त्या दिसा तसा कित्याक सांगलंस नाय? आणि तेव्हा सांगलंस नाय, तर आता कित्याक? मी मरेपर्यंत गप रवाक काय झाला होता तुका?"

"सुमनची बोट चुकली असती."

त्यांनी रतांबा परातीत ठेवला, हात धुतले आणि आत गेल्या. सुमन माझ्याकडे न बघता म्हणाली, "ट्रंक माळयार आसा. भावोजींका काढूक सांगतंय."

०

तिसऱ्या दिवशी यजमानांनी तिला पडावात बसवून बोटीवर पोचवलं. दिरांचं एक पत्र आलं आहे: दवाखान्यात नाव घातलं, पिशवी खरवडणार आहेत, रिपोर्ट यायला दिवस लागतील. माझ्या हातात तेवढे दिवस आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. परवापासून उशा तीन लागतात, त्याशिवाय श्वास पुरत नाही.

सुमनचा रिपोर्ट चांगला येईल असं मी म्हणत नाही. लवकर गेली एवढं म्हणते. तेही खरोखर लवकर आहे का, हे तिला तिथे कळेल.

सासूबाई दुपारच्या येत नाहीत. चहा यजमान आणून देतात. पाय दुखतात, पण मी त्यांना बोलावत नाही. बोलावून काय सांगू? जे सांगितलं त्यातून काही वजा करता येत नाही.

आज सकाळी त्या दारापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत.

"सुमनच्या रिपोर्टाचा पत्र इला?"

"नाय, आये."

त्या मागे फिरल्या.